पाणबैलाचं नाव

पासली,
१६ एप्रिल २०२५

बाळाअक्का,

पायांवर डोकं ठेवतो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी मोठ्यानं बोललो की सारी वाडी ऐकते, म्हणून कागद घेतला. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळव. मंगल बरी आहे. आमची भाताच्या राबाची भाजणी उरकत आली. हात अजून काळेच आहेत, कागदावर डाग पडले तर रागावू नकोस.

लिहायचं कारण वेगळं आहे. परवा आपल्या धाकट्या आनंदरावानं वाडीखालच्या डबऱ्यात जेसीबी आणला होता. डबरं आता पार आटलंय, नुसता भेगाळलेला चिखल. खाली मुरूम लागतो की खडक, ते त्याला बघायचं होतं. मशिननं कडेची माती उचलून वर टाकली. त्यात एक ढेकूळ फुटलं आणि आत पाणबैल होता.

अक्का, हा बेडूक आपण इतकी वर्षं पावसात बघतो, पण असा मी कधी पाहिला नव्हता. पाय पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले, अंगाचा रंग मातीचाच. माती मातीच्या आत झोपावी तसा. ड्रायव्हर म्हणाला, मेलंय, टाका तिकडं. मी उचलून तळव्यावर घेतला. गार दगडासारखा लागला. मग किती वेळ गेला कोण जाणे, माझ्या अंगठ्याखाली त्याची छाती हलली. एकदाच. परत निपचित.

दसऱ्याच्या सुमाराला तो जमिनीत गेला असेल. तेव्हापासून खाणं नाही, पाणी नाही, उजेड नाही. भैरवनाथाला उठवायला आपण पहाटे देवळात घंटा वाजवतो. याला कोण उठवतं? आणि उठायचा दिवस याला कळतो तरी कसा? मी त्याला डबऱ्याच्या वरच्या अंगाला, सावलीची जागा बघून, हातानं खड्डा करून परत ठेवला आणि वर माती लोटली. ड्रायव्हर हसत होता. हसू दे.

आता मुद्द्याचं. आनंदरावाला डबरं मुरूम टाकून भरायचंय. मढे घाट बघायला पावसाळ्यात पुण्याकडचे लोक येतात, त्यांना उतरायला खोल्या बांधायच्या म्हणतो. तो वाईट नाही, तुला माहीत आहे. जमीन दोघांच्या नावावर आहे, म्हणून तो आधी मला विचारायला आला. मी म्हटलं, बाबा, ती पाणबैलाची जागा आहे. बेंदराला बैलांना ओवाळलं की सारी वाडी तिथं नैवेद्य ठेवते. वाडवडलांपासून चालत आलेलं नाव आणि चालत आलेली रीत, ती आपण कशी मोडायची?

तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, "दादा, नाव आज्या-पंज्याचं असंल तर म्या मातीला हात लावत न्हाई. पर तुमी देवभोळं. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर न्हाई. आक्काला इचारा. ती सांगंल ते खरं."

मी कबूल झालो. दोघांनी भैरवनाथाच्या पायरीला हात लावला. तू या घरातली आता सगळ्यांत मोठी. आई असती तर तिला विचारलं असतं. तेव्हा पाणबैल हे नाव कधीपासूनचं आहे, आज्यांच्या तोंडून तू काय ऐकलंस, ते चार ओळींत लिहून पाठव. पत्र मी देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

तुझा,
कुंडलिक


भोंगवली,
२ मे २०२५

कुंडलिक,

तू आणि मंगल दोघं सुखी असा. पत्र पोचलं. डाग होते, पण अक्षर लागलं. ह्यांचा गुडघा आहे तसाच. डॉक्टर सांगतात चाला, आणि हे म्हणतात चाललो की दुखतो. दोघांत मी भांडण लावून दिलंय. कांदा काढून झाला. थोडा चाळीत ठेवलाय, बाकीचा टेम्पोत भरून दिला.

तू त्या बेडकाला परत पुरून ठेवलंस ते बरं केलंस. झोपलेल्याला उठवू नये.

बाकी नावाचं म्हणशील, तर मला काय कळतंय रे? मी चौथी शिकलेली बाई. माझं लग्न झालं तेव्हा आनंदराव रांगत होता, त्यानंतर पासलीचं मला पाहुण्यासारखंच माहीत. इथं भोंगवलीत त्याला पाणबैल कुणी म्हणत नाही. मी नवी नवरी असताना एकदा म्हणाले, तर सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. इथं सगळे डराव म्हणतात, नाहीतर नुसता बेडूक. त्याला नैवेद्य दाखवायची रीत तर इकडं कुठंच नाही.

आनंदरावाला त्याच्या मनासारखं करू दे. पोरगा खटपट करतो. तुझं रक्त का आटवतोस? डबरं काय, पाऊस पडला की दुसरीकडं होईल.

एक विचारते. आपला ढवळा तुला आठवतो का? पांढरा, एक शिंग जरा पुढं आलेलं. तू त्याच्या पुढच्या पायांत बसायचास. आठवत नसेल तर राहू दे.

उन्हात फिरू नकोस.

तुझी अक्का


पासली,
९ मे २०२५

बाळाअक्का,

पत्र वाचलं आणि खरं सांगू, जरा वाईट वाटलं. तू भिडेखातर लिहीत नाहीस, हे मला कळतं. आनंदरावाला तुझ्यामुळं नाही म्हणावं लागेल, तो दुखावेल, असं तुला वाटत असेल. पण तोच तुझ्या शब्दाची वाट बघतोय. काल येऊन विचारून गेला, आलं का आक्काचं पत्र? मी म्हटलं, येतंय.

ढवळा मला आठवत नाही. किती लहान असेन मी. आठवतं ते एवढंच, की मी तुझ्या कडेवर आहे, तुझा परकर गुडघ्यापर्यंत भिजलाय, समोर पाणी आहे आणि पाण्यातून काहीतरी हंबरतंय. मला भीती वाटली नव्हती. उलट कुणीतरी आपल्याला ओळखून हाक मारतंय असं वाटलं होतं. अक्का, मी देवाचं दर्शन घेतलं ते तिथं पहिल्यांदा. मंदिरात मी नंतर गेलो. आजही भैरवनाथापुढं डोळे मिटले की मला पहिलं ते पाणी दिसतं. हे मी मंगललासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

तू म्हणतेस भोंगवलीत हे नाव नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. सपाटीवरच्या लोकांची जुनी नावं लवकर पुसली जातात, डोंगरात टिकतात. आणि हे बघ. गेल्या आठवड्यात मी भोरला गेलो होतो. स्टँडवर बसची वाट बघताना जुना पेपर हाताला लागला. त्यात याचा फोटो, पिवळाधमक, आणि खाली लिहिलेलं, बैल बेडूक. इंग्रज लोकसुद्धा त्यांच्या भाषेत त्याला बैलाचंच नाव देतात म्हणे, त्याच्या हंबरण्यावरून. मी बस सोडली आणि तो मजकूर परत वाचला. सात समुद्रांपलीकडची माणसं, त्यांचे बेडूक वेगळे, त्यांचे बैल वेगळे. त्यांनी आपलं डबरं पाहिलेलं नाही, आपण त्यांचं पाहिलेलं नाही. तरी दोघांना एकच ऐकू आलं. असं नाव माणसाच्या डोक्यातून येत नसतं. ते त्या जिवाबरोबरच जन्माला आलेलं असणार. आज्या-पंज्याच्याही आधी.

हे मी देवळात सांगितलं. तिथं बसलेला गेनू थट्टेनं म्हणाला, "मग इंग्रज बी बेंदूर करत्यात का, इचार की." सगळे हसले. पण आनंदराव हसला नाही. म्हणाला, पेपरातलं ऱ्हाऊ द्या, आक्काचं येऊ द्या. मुरमाच्या गाड्या त्यानं पंधरवड्यानंतरच्या सांगून ठेवल्यात. पाऊस लागायच्या आत भराव झाला पाहिजे, नाहीतर गाडी खाली उतरत नाही.

तेव्हा अक्का, भीड ठेवू नकोस. जे आहे ते लिही.

कुंडलिक


भोंगवली,
१८ मे २०२५

कुंडलिक,

जे आहे ते लिही म्हणालास, म्हणून लिहिते. बसून वाच.

ढवळा आपल्या घरचा बैल. आपल्या वडलांनी, दादांनी, त्याला वासरू असताना आणला होता. तू चालायला शिकलास तो त्याची शेपटी धरून. तू चार वर्षांचा होतास तेव्हा पावसाच्या तोंडावर त्याला पान लागलं. बांधाला चरत होता, नाग निघाला. दादा मांत्रिकाला सांगून आले, भैरवनाथाचा अंगारा लावला, दुपारपर्यंत ढवळा गेला. वाडीतल्या माणसांनी ओढत नेऊन डबऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डा करून पुरला. तू सगळं बघितलंस. तुला कुणी दूर न्यायला पाहिजे होतं, पण कुणाला सुचलं नाही.

मग तू जेवेनास. दूधही नको. गोठ्यात जाऊन दाव्याशी बसायचास आणि ढवळा कुठंय विचारायचास. आई म्हणायची रानात गेलाय. तू म्हणायचास, न्हाई, त्याला मातीत घातला. तुझं अंग तापलं. आई देवापुढं बसून राहायची आणि मी तुला घेऊन फिरायची. मी तेव्हा बारा वर्षांची.

त्यात मोठा पाऊस झाला. डबरं भरलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी तुला कडेवर घेऊन परसात उभी होते आणि खालून हंबरणं आलं. जिथं पुरला तिथूनच. माझ्या अंगावर काटा आला. तू मान वर केलीस आणि म्हणालास, "ढवळा."

मला पळून यायचं होतं. पण तू त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागत होतास. तुला घेऊन खाली गेले. पाण्यात शिरले, गवत बाजूला केलं. तिथं तो होता. हळदीत लोळल्यासारखा पिवळा, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि एवढ्याशा अंगातून तो आवाज. बेडूक मी रोज बघत होते, पण असा पिवळा झालेला कधी बघितला नव्हता. क्षणभर मलाच कळेना हे काय आहे.

तू विचारलंस, ढवळा एवढा बारका कसा झाला?

मी म्हणाले, देवानं त्याला बारका केला, म्हंजी पाण्यात मावंल. आता तो पाणबैल झालाय. जमिनीत झोपतो आन् पावसात वर येतो.

तू खूप वेळ बघत राहिलास. घरी आलास आणि भाकरी मागितलीस.

हे झालं नाव, कुंडलिक. आज्यांचं नाही, पंज्यांचं नाही. त्या आधी आपल्या वाडीत त्याला कुणी पाणबैल म्हटलं नव्हतं. आईला मी सांगितलं. पुढच्या बेंदराला तिनं पुरणपोळीचा तुकडा आणि घुगऱ्या डबऱ्यावर नेऊन ठेवल्या, तू हट्ट धरलास म्हणून. शेजारच्या भागूबाईनं बघितलं, तिनंही ठेवल्या. पुढं माझं लग्न झालं. मी माहेरी येऊन बघते तो सारी वाडी ठेवतेय, आणि जो तो सांगतोय की फार जुनी रीत आहे. आणि तू हात जोडून उभा असायचास. तुझा चेहरा बघून माझे शब्द आतच राहायचे.

पहिलं पत्र आलं तेव्हा ठरवलं, लिहायचंच नाही. खोटं लिहावं तर तू ते देवळात वाचणार. खरं लिहावं तर डबरं जातंय, आणि तुझं ते दर्शनही. शेवटी वाटलं, त्या दिवशी बारा वर्षांच्या पोरीनं जे सांगितलं ते तुझ्या जिवासाठी. आता तू पन्नाशीला आलास. आता तुला खरं सोसेल.

हे पत्र वाचून दाखव, नाहीतर चुलीत घाल. मी आनंदरावाला दुसरं काही सांगणार नाही. तू ठरव.

अक्का


पासली,
८ जून २०२५

बाळाअक्का,

पायांवर डोकं ठेवतो. इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू काळजीत असशील. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला, ते तुम्हीही बघितलंच असेल. रस्ता दोनदा बंद झाला, पोस्टमन आला नाही. पण खरं म्हणजे मलाच लिहायला बसवत नव्हतं.

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. वाचून झाल्यावर कुठं जावं कळेना. देवळात जायचं धाडस झालं नाही. मनात आलं, इतकी वर्षं मी कुणापुढं हात जोडले? साप चावून मेलेल्या बैलापुढं की बेडकापुढं? मंगलनं जेवायला हाक मारली, तर म्हटलं भूक नाही. ती म्हणाली, अक्कांनी एवढं काय लिहिलंय? मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमाला जेवाया घालायची पाळी माज्यावर आली, आन् माज्याकडं बैल बी न्हाई." मला हसू आलं. जेवलो.

चुलीत घालायचा विचार आला नाही असं नाही. पण पायरीला हात लावला होता.

पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी देवळात सगळे जमले. बाहेर धो धो पाऊस. मी पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. दोन ठिकाणी थांबावं लागलं. म्हातारी भागूबाई खांबाला टेकून बसली होती, ती फक्त म्हणाली, व्हय, तवा हे पोरगं लई वाळलं हुतं. मी पत्राची घडी घातली आणि आनंदरावाला सांगितलं, नाव जुनं नाही. बोललो होतो ते बोललो. डबरं तू भर.

तो उठला, डोक्यावर पोतं घेतलं आणि पावसात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी खाली गेलो. डबरं काठोकाठ भरलं होतं. आणि ते वर आले होते, अक्का. एक नाही, सगळीकडे. चिखलाच्या रंगाचा जो गोळा मी तळहातावर धरला होता, त्याचं हे असं होतं, हे माहीत असूनही मी थक्क होऊन उभा राहिलो. पाण्यावर कुणी झेंडूची फुलं फेकावीत तसे पिवळे. निळे फुगे एकदम फुगायचे, आवाज यायचा आणि पाण्यावर त्या आवाजाची वर्तुळं उठायची. ती माझ्या पायापर्यंत येत होती. मी पाण्यात उभा होतो आणि हंबरणं पोटऱ्यांना लागत होतं.

मी स्वतःला विचारलं, आता काय दिसतं? बेडूकच दिसत होते. आणि तरीही अंगावर तोच शहारा. मग वाटलं, अक्काच्या तोंडी ते शब्द आले कुठून? ज्यांनी दूर देशात हेच नाव दिलं, त्यांना तू ठाऊक नव्हतीस. जमिनीत झोपतो आणि पावसात वर येतो, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू एका रडणाऱ्या पोराला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलंस आणि ते अक्षरशः खरं निघालं. मला यापुढं विचार करता येत नाही. देव फक्त मोठ्या माणसांच्या तोंडून बोलतो असं मी उगाच समजत होतो, एवढंच कळलं.

मागे चिखलात पाय वाजले. आनंदराव होता. माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ दोघं ऐकत राहिलो. मी म्हटलं, पावसानं अडकलेल्या मुरमाच्या गाड्या आता कधी येतायत?

"सांगितलं नगं म्हणून."

मी त्याच्याकडं बघितलं. म्हटलं, अरे, ठरलं होतं ना. नाव जुनं नाही.

तो म्हणाला, "जुनं असतं तर बरं झालं असतं दादा. गुरवाला इचारून नारळ फोडला असता, कोंबडं दिलं असतं, शांत केलं असतं आन् भरलं असतं. मी तेच मनात धरलं हुतं, खोटं कशाला बोलू. पर हे आक्काचं निघालं. भाऊबीजंला तिच्यापुढं पाटावर कसा बसू?"

खोल्या तो आता वरच्या माळावर बांधतोय. तिथं मुरूमही कमी लागेल म्हणतो, आणि तसं पहिल्यापासून आपल्या डोक्यात होतं असंही लोकांना सांगतो.

काल त्याच्याकडं पहिले पाहुणे आले. पुण्याची दोघं, तंबू घेऊन. दिवस मावळताना मी जनावरं घेऊन परत येत होतो. खालून हंबरणं सुरू झालं तशी ती बाई दचकून उठली आणि विचारायला लागली, इथं बैल मोकळा सुटलाय का?

आनंदराव चहाची किटली घेऊन उभा होता. त्यानं तिला सांगितलं, पाणबैल हाय, काय करत न्हाई.

तिनं विचारलं, असं का म्हणता त्याला, फार जुनं नाव असेल ना?

"न्हाई," तो म्हणाला. "आमच्या थोरल्या भनीनं ठेवलंय. भोंगवलीला असती."

मी वाटेतच थांबलो. गाई पुढं निघून गेल्या. दोन्ही हात आपोआप जुळले. खाली डबऱ्याकडं बघून जोडले की उगवतीला, जिकडं तुझं गाव आहे, ते मला सांगता येणार नाही.

कुंडलिक